मिशिगनचं 'तळं' आणि नाताळची झाडं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. 'राउस सिमन्स' हे शिडाचं जहाज १९१२ च्या नोव्हेंबरात, नाताळची झाडं घेऊन शिकागोला जाताना, अमेरिकेतल्या मिशिगन सरोवरात बुडालं. त्यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा कमी आला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : तळ्यात कसलं आलंय वादळ? आणि ज्याला मी नाताळबाबा करून ठेवलं, त्या कप्तान शूनमनने चार पैशांसाठी जुनाट जहाजात वाटेल तेवढा माल कोंबून माणसं मारली.

तळ्याचं आधी. 'तळं' हा शब्द माझाच, त्यामुळे चूकही माझी. तळं म्हटलं की आपल्याला रंकाळा दिसतो, काठाला भेळ दिसते. मिशिगन सरोवर अठ्ठावन्न हजार चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे महाराष्ट्राचा जवळपास पाचवा हिस्सा. आणि तिथल्या लाटा समुद्रासारख्या ऐसपैस नसतात. आखूड, उभ्या, एकीच्या पाठीला दुसरी. एका तडाख्यातून जहाज सावरतंय तोवर पुढची आलीच. त्यात पाणी गोडं, त्यामुळे खाऱ्यापेक्षा लवकर गोठतं. नोव्हेंबरात डेकवर उडालेलं पाणी दोरांवर, शिडांवर, मालावर बर्फ होऊन बसतं आणि जहाज वरून जड होत जातं. माल कुठला, तर डेकवर रचलेली हजारो झाडं. बर्फ धरायला प्रत्येक फांदी तयारच!

आता कप्तान. इथे तुमचं बरंचसं खरं आहे. जहाज १८६८ साली मिलवॉकीत बांधलेलं, १९१२ मध्ये चव्वेचाळीस वर्षांचं. आयुष्य लाकूड वाहण्यात झिजलेलं. हर्मन शूनमनचा थोरला भाऊ ऑगस्ट १८९८ मध्ये असाच, नाताळची झाडं आणताना, जहाजासकट गेला होता. म्हणजे धोका त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. गरिबांना तो झाडं फुकट वाटायचा यावर मी दोन परिच्छेद खर्च केले आणि त्याच्यासोबत गेलेल्या खलाशांवर दोन ओळी. हे मला आधी दिसायला हवं होतं.

पण 'चार पैशांसाठी' यावर मी अडतो. जहाज त्याचं एकट्याचं नव्हतं, त्याचा हिस्सा फक्त एक अष्टमांश. १९०७ मध्ये त्याने दिवाळखोरीचा अर्ज केलेला. आगबोटी आणि रेल्वेने शिडाच्या जहाजांचा धंदा कधीच खाल्ला होता. हाती उरलेला माल म्हणजे ज्याची कुणाला घाई नाही असा, किंवा असा हंगामी. उत्तरेला थॉम्पसनला झाडं भरायची, शिकागोत क्लार्क स्ट्रीटच्या पुलापाशी जहाज लावायचं आणि डेकवरूनच विकायची. मधला व्यापारी नाही. नोव्हेंबर टाळला तर धंदाच टळला, कारण जानेवारीत नाताळचं झाड कोण घेतो? आपल्याकडे गणपतीनंतर मखर विकून बघा. याला हाव म्हणायचं असेल तर म्हणा, मला ती कोंडी वाटते. तिच्यात त्याने इतरांना सोबत ओढलं, हे मात्र मान्य.

किनाऱ्यावरच्यांनी काहीच केलं नाही, असंही तुम्ही लिहिलंत. ते बरोबर नाही. २३ नोव्हेंबरला दुपारी केवॉनीच्या जीवरक्षक ठाण्यावरून एक जहाज दिसलं, झेंडा अर्ध्यावर उतरवलेला. ही संकटाची खूण. तिथे मोटरबोट नव्हती आणि वल्ह्यांनी गाठण्यापलीकडचं अंतर होतं. ठाण्याच्या प्रमुखाने दक्षिणेला टू रिव्हर्सला फोन केला. तिथले लोक मोटरबोट घेऊन निघाले, अंधार पडेपर्यंत शोधत राहिले. हाती काही लागलं नाही.

उंदरांची गोष्ट (जहाज निघण्याआधी उंदीर उतरून पळाले म्हणे) मी खरी घडल्यासारखी लिहिली होती. ती दंतकथा आहे, तो परिच्छेद काल काढून टाकला. मुळात जहाज नेमकं कशाने बुडालं हे छातीठोक सांगणं अवघड. सुकाणूचं चाक अवशेषांपासून बरंच दूर, मासेमारीच्या जाळ्यात सापडलं. म्हणजे बुडण्याआधीच सुकाणू हातचं गेलं असावं. तुमचा 'प्रमाणाबाहेर माल' हे एक कारण असेल, एकमेव असेल असं वाटत नाही.

एक गोष्ट लेखात राहून गेली. १९२४ मध्ये एका कोळ्याच्या जाळ्यात कप्तानाचं पाकीट आलं, मेणकापडात घट्ट गुंडाळलेलं. आतले कागद शाबूत. १९७१ मध्ये पाणबुड्याला जहाज सापडलं, सुमारे पन्नास मीटर खाली. लाकूड पोखरणारा समुद्री किडा गोड्या पाण्यात नसतो, त्यामुळे सांगाडा उभा होता आणि पोटात झाडं रचलेली होती, काहींवर सुईसारखी पानं अजून टिकून.

आणि कप्तानाची बायको, बार्बरा. तिने मुलींना हाताशी धरून झाडांचा धंदा चालू ठेवला, आधी जहाजांनी, पुढे रेल्वेने झाडं आणून. तिच्यावर वेगळं लिहायचं आहे. त्यात खलाशांनाही त्यांची जागा देईन. ते वाचून पुन्हा भांडायला या.