चाळीस मार्कर मोजले म्हणजे प्रतिकारशक्ती मोजली असं नाही

मुंबईत पावसाळी तापाची साथ सुरू झाली की सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरू लागतो. त्यातले दावे असे: रक्ताच्या एका थेंबात चाळीस इम्यून मार्कर (प्रतिकारशक्तीशी संबंधित प्रथिनं) सूक्ष्म मण्यांवर एकदम मोजणारं बीड तंत्र आलं आहे, त्यामुळे एका वेळी एकच मार्कर मोजणारी एलायझा ही जुनी तपासणी कालबाह्य झाली, मार्कर जितके जास्त तितकं निदान पक्कं, तुमची प्रतिकारशक्ती किती आहे ते यातून आकड्यात कळतं, आणि एखादा आकडा लाल अक्षरात आला तर शरीरात छुपा दाह आहे असं समजून लगेच उपचार घ्यावेत.

मी प्रयोगशाळेत याच बीड्सवर काम करते. हे तंत्र मला फार मोलाचं वाटतं, म्हणूनच त्याच्या नावावर जे खपवलं जातंय ते खोडून काढायला हवं.

आधी थेंबाचं पाहू. बीड म्हणजे पॉलिस्टायरीनचा जेमतेम सहा मायक्रॉनचा मणी, लाल रक्तपेशीहूनही किंचित लहान. त्यात दोन रंगद्रव्यं वेगवेगळ्या प्रमाणात भरतात आणि त्यावरून मण्यांचे शंभर गट ओळखता येतात. तिसरं रंगद्रव्य घातलं तर पाचशेपर्यंत. प्रत्येक गटावर एकेका मार्करला पकडणारी अँटिबॉडी चिकटवलेली असते. यंत्रातला एक लेझर हा मणी कोणत्या गटाचा ते ओळखतो आणि दुसरा त्यावर किती चमक आहे, म्हणजे मार्कर किती अडकला आहे, ते वाचतो. तपासणीच्या प्लेटमधल्या एका खळग्यात, म्हणजे वेलमध्ये, २५ ते ५० मायक्रोलिटर सिरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) पुरतं, हे खरं. पण रक्ताच्या थेंबातून निम्मंच सिरम मिळतं, आणि प्रत्येक सॅम्पल दोन वेलमध्ये लावलं नाही तर रीडिंगवर भरवसा ठेवता येत नाही. त्यामुळे रक्त शिरेतूनच घ्यावं लागतं.

एलायझा कालबाह्य झाली, हे तर साफ चूक. १९७१ पासून वापरात असलेल्या याच पद्धतीचं तत्त्व बीड्सवरही चालतं: खाली एक अँटिबॉडी, मध्ये मार्कर, वर दुसरी अँटिबॉडी. बीड पॅनलमध्ये, म्हणजे एकदम मोजलेल्या मार्करांच्या संचात, एखादा मार्कर लक्षवेधी निघाला की तो पुन्हा एलायझावर तपासून घेतात. एकाच वेलमध्ये चाळीस अँटिबॉड्यांच्या जोड्या असल्या की भलतीच जोडी भलत्या प्रथिनाला चिकटण्याचा धोका वाढतो. शिवाय प्रत्येक मार्करचं रक्तातलं प्रमाण वेगळं. दाह झाला की वाढणारं सीआरपी हे प्रथिन मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये मोजतात, पेशींमधला निरोप पोचवणारं आयएल-६ पिकोग्रॅम प्रतिमिलिलिटरमध्ये. या दोन एककांतच दहा लाख पटींचा फरक आहे. सीआरपीसाठी सिरम जितकं पातळ करावं लागतं, तितकं केलं तर आयएल-६ दिसणारच नाही. म्हणून एकाच वेलमध्ये सगळं बसत नाही.

आता सर्वांत घातक दावा: मार्कर जास्त म्हणजे निदान पक्कं. नॉर्मल रेंज सहसा अशी ठरवतात की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्या आत येतील. म्हणजे पूर्ण निरोगी असूनही कोणत्याही एका मार्करमध्ये पाच टक्के लोक बाहेर पडणारच. असे चाळीस मार्कर एकदम मोजले तर सरासरी दोन आकडे लाल येतील. मार्कर एकमेकांपासून स्वतंत्र धरले तर किमान एक तरी लाल येण्याची शक्यता ८७ टक्के निघते. प्रत्यक्षात मार्कर एकमेकांशी जोडलेले असल्याने हा आकडा हलेल, पण पॅनल जितकं लांब तितके खोटे इशारे जास्त, हे गणित बदलत नाही. त्यात बऱ्याच साइटोकाइन्ससाठी (आयएल-६ सारख्या निरोप्या प्रथिनांसाठी) सर्वमान्य नॉर्मल रेंजच नाही. तेच सॅम्पल दोन कंपन्यांच्या किटवर लावा, आकडे वेगळे येतात. संशोधनात हे चालतं, कारण तिथे एकाच किटवर रुग्णांचा गट आणि निरोगी लोकांचा गट यांची तुलना करायची असते. एकट्या माणसाच्या हातात तो रिपोर्ट ठेवून त्याला घाबरवणं मला अन्यायाचं वाटतं.

आकडा खरोखरच वाढलेला असला तरी कारण आजारच असेल असं नाही. मुंबई मॅरेथॉन धावून आलेल्या ठणठणीत माणसाचं आयएल-६ कित्येक पटींनी वाढलेलं असतं, कारण राबणारे स्नायूच ते सोडतात. रक्त गोठताना प्लेटलेट्समधून व्हीईजीएफ (रक्तवाहिन्यांच्या वाढीला चालना देणारं प्रथिन) बाहेर पडतं, म्हणून सिरममध्ये ते प्लाझ्मापेक्षा, म्हणजे न गोठलेल्या रक्तातल्या द्रवापेक्षा, जास्त दिसतं. आणि विरारला सकाळी काढलेली नळी सेंट्रीफ्यूज न करता (यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या न करता) दुपारी दादरला पोचली, तर तेवढ्या वेळात पेशी आयएल-८ हे आणखी एक साइटोकाइन सोडत राहिलेल्या असतात. तो आकडा माणसाचा कमी आणि प्रवासाचा जास्त असतो.

प्रतिकारशक्ती एका आकड्यात मावत नाही. साइटोकाइन्स म्हणजे पेशींमध्ये या क्षणी चाललेली निरोपांची देवाणघेवाण. उद्याच्या जंतूशी शरीर कसं लढेल ते त्यातून कळत नाही. प्रतिकारशक्तीत जन्मजात उणीव असल्याची शंका आली तर डॉक्टर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि आयजीजी, आयजीए, आयजीएम या अँटिबॉडीच्या प्रकारांच्या मोजणीपासून सुरुवात करतात.

उपचारांबद्दल एकच उदाहरण देते. कोविडमध्ये टोसिलिझुमॅब हे आयएल-६ चा परिणाम रोखणारं औषध दिलं गेलं. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत त्यासाठी रुग्ण निवडताना निकष होते ऑक्सिजनची कमतरता आणि सीआरपी किमान ७५ मिलिग्रॅम प्रतिलिटर. साइटोकाइन पॅनल त्यात नव्हतं.

बीड्सचं खरं मोल मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या वेळी दिसतं. दात्याच्या एचएलए प्रथिनांविरुद्ध (पेशींवरची ओळख पटवणारी प्रथिनं) रुग्णाच्या रक्तात अँटिबॉडी आहेत का, हे एकेका प्रथिनाचा मणी वापरून शोधतात. तिथेही अँटिबॉडी फार जास्त असल्या तर चमक फसवी कमी येऊ शकते, म्हणून सिरम पातळ करून पुन्हा पाहतात आणि क्रॉसमॅचशी (रुग्णाचं सिरम दात्याच्या पेशींवर लावून केलेल्या तपासणीशी) ताडून मगच बोलतात.

घरात कोणाला ताप असेल तर पहिल्या पाच दिवसांत डेंगीची एनएस-१ तपासणी, मलेरियासाठी स्मिअर (काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) आणि सीबीसी यांना प्राधान्य द्या. साचलेल्या पाण्यातून चालत आला असाल तर लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) प्रतिबंधक गोळीबद्दल ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारा. तरीही कोणी पॅनल घ्यायला सांगितलं तर लॅबला तीन गोष्टी विचारा: किट फक्त संशोधनासाठीचं आहे का, एनएबीएलच्या (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या) मान्यतेत ही विशिष्ट तपासणी येते का, आणि रक्त काढल्यावर किती वेळात सेंट्रीफ्यूज होतं.