गाय पोर्टलवर बांधा

कोकणात राहून गाय पाळायची आणि वर दुधाचं अनुदानही घ्यायचं, असा विचार असेल तर आधी तुमचं अभिनंदन. बराच मोकळा वेळ दिसतो तुमच्याकडे. राज्य सरकारच्या २०२४ मधल्या दूध अनुदानाच्या अनुभवाचे चार बोल फुकट देतो.

म्हैस असेल तर विका. तेव्हा अनुदान होतं ते गायीच्या दुधाला.

घरोघरी रतीब घालत असाल तर तोही बंद करा. भर पावसात वाडीतल्या घरांना चहाच्या वेळेला दूध पोचवणारा माणूस त्या योजनेत दूध उत्पादकच नव्हता. दूध डेअरीला जायला हवं होतं आणि पूर्ण दर हवा तर मशीनवर ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) दिसायला हवं होतं. आषाढातल्या कोवळ्या गवतावर फॅट लागत नाही म्हणता? गायीला विश्वासात घ्या.

हिशेब कच्चा ठेवा, सुखी राहाल. जुलै २०२४ मध्ये लिटरला डेअरीने ३० आणि सरकारने ५ रुपये द्यायचे ठरले. ऑक्टोबरपासून सरकारने उदार होऊन ७ केले, तेव्हा डेअरीचे २८ झाले. बेरीज तीच ३५. म्हणजे दहा दिवसांच्या बिलात रोख हातात पडणारे २ रुपये उचलून पोर्टलच्या, म्हणजे सरकारी वेबसाइटच्या, ताब्यात दिले. बातम्यांत मात्र ‘अनुदानात वाढ’. टाळ्या वाजवा.

आणि मुख्य युक्ती : गायीच्या कानातला पिवळा बिल्ला डोळ्यांत तेल घालून जपा. माणसाच्या आधारसारखाच त्यावर १२ आकडी नंबर. तो नंबर पोर्टलवर, पोर्टल तुमच्या आधारला, आधार बँकेला, अशी ही साखळी. आता आमची गाय चरायला सड्यावर जाते. तिथे करवंदीच्या जाळ्या. एका संध्याकाळी ती परतली तर कान फाटलेला, रक्ताचा ओघळ सुकलेला आणि बिल्ला गायब. नवा बिल्ला मारून घेतला. झालं! जुन्या नंबराचं दूध आणि नव्या नंबराची गाय एकमेकांना ओळखीनात, अनुदान अडकलं. परवा कचेरीत पुन्हा विचारायला गेलो.

“काका, तुमची गाय दिसत नाही.”

“गोठ्यात आसा, येऊन बघा.”

“गोठ्यात नव्हे हो, पोर्टलवर.”

मग डेअरीत जा, माहिती त्यांनी भरलीय. डेअरी म्हणते, गुरांच्या दवाखान्यात जा, बिल्ला त्यांनी मारलाय. दवाखाना म्हणतो, बँकेत जाऊन आधार सीडिंग, म्हणजे खात्याला आधार जोडलंय का, ते बघा. बँकेत नेट बंद. नेट आलं तर साहेब मिटिंगला. साहेब आले तर म्हणाले, आमच्याकडे सगळं बरोबर आहे, कचेरीत विचारा. या चौघांत एकाच्याही टेबलावर फोन नाही? एकाने दुसऱ्याला विचारलं तर टेबल झिजतं? एसटीचं भाडं माझं, बुडालेली मजुरी माझी, आणि ऐकून घ्यायचं ते “काका, तुम्हीच कागद नीट दिले नसतील.” कागद? गायीचा फोटो, कानाचा फोटो, पासबुक, आधार, सगळ्याच्या झेरॉक्स दिल्यात. आणखी काय देऊ, शेण?

बस झाला उपदेश. आता डेअरीवाले आणि सरकारवाले, तुम्हीच सांगा, दूध तुम्ही घेतलंत ना? मापून घेतलंत, फॅट काढून घेतलंत, एखादा पॉइंट कमी लागला तर त्याच बिलात पैसे कापलेत. कापताना कुठलं पोर्टल आडवं आलं नाही. तेव्हा आधार लागलं नाही, गायीचा कान लागला नाही. द्यायची वेळ आली की गाय दिसेनाशी होते. कानातलं प्लॅस्टिक तुटलं म्हणून आणलेल्या पेंडीचे पैसे दुकानदार माफ करत नाही मला. लाज वाटू द्या जरा. डेअरीच्या वहीत माझं लिटर न लिटर तारखेनिशी लिहिलेलं आहे. त्याला ७ ने गुणा आणि पैसे टाका.