अशोक चौकातली अम्मा

आज दुपारी दीड वाजता सोलापूरच्या अशोक चौकात एक अम्मा उभी होती. एका हातात विड्यांची पिशवी, दुसऱ्या हाताने कपाळावर पदर ओढून धरलेला. सावली म्हणाल तर विजेच्या खांबाची, तेवढीच. मी गाडी थांबवली तर मलाच विचारते, "बस बंद झाली काय गं पोरी? तासभर बघायलेय."

आणि सकाळीच आमच्या ग्रुपवर काय चाललं होतं? नवा पूल झाला की जुळे सोलापूरहून स्टेशनला सात मिनिटं लवकर, मग आपलं शहर राहण्यासारखं होणार! कुणाला राहण्यासारखं? सात मिनिटं तुमची मोजली, अम्माचा तास कुणी मोजायचा?

मोजायला मापं नाहीत असंही नाही. वाहनं नव्हे, माणसं हलवा, हे २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच आहे. केंद्राच्या निकषांत चांगली सेवा म्हणजे हजार माणसांमागे ०.६ बस आणि थांब्यावर सरासरी चार मिनिटांच्या आत बस. २०११ च्या जनगणनेतले सोलापूरचे साडेनऊ लाख लोक धरले तरी साधारण ५७० बस होतात. ५७० राहू द्या हो, अम्माला तासाभरात एक मिळाली नाही!

पूलही लागेल, मान्य. गोव्याला विमान सुरू झालं, चांगलंच झालं. पण विड्या द्यायला कारखान्यात जाणारी बाई विमानाने जाते का? शेअर रिक्षात पैसे घातले तर दिवसभर वळलेल्या विड्यांतून घरी काय न्यायचं तिने?

आमच्या घरात माणसं चार, गाड्या तीन. हौस नाही, बसचा भरवसा नाही म्हणून. घरोघरी हेच. मग धूर वाढला, ऊन सोसवत नाही, पोरांना खोकला जात नाही म्हणून आपणच रडायचं.

रागात लिहितेय, ग्रुपवरच्यांनी वाईट वाटून घेऊ नका. तुम्हीही तिथे असता तर थांबलाच असता, माहितेय मला.

कारखान्यापर्यंत सोडलं तिला. वाटभर माझा खांदा घट्ट धरून बसली होती, पिशवी मांडीवर, विड्या मोडू नयेत म्हणून. उतरल्यावर कमरेची चंची सोडली आणि घामाने ओली झालेली वीसची नोट माझ्या हातात कोंबली. नको नको म्हटलं तर म्हणाली, "बसला दिलेच असते की."