हौस आहे ना, मग हौसेसारखीच करू

एप्रिल लागला की माझ्या फोनवर दोन प्रकारच्या पोस्ट यायला लागतात. एकीत गच्चीभर पसरलेल्या कुरडया-पापडांचा जुना फोटो आणि खाली 'गेले ते दिवस'. दुसरीत थेट दणका: 'हल्लीच्या बायकांना सगळं विकतचं लागतं.' ही दुसरी टाकणारे बहुतेक पुरुष असतात, आणि पैजेवर सांगते, त्यातल्या एकानेही आयुष्यात कधी कुरडईचा चीक हाटलेला नसणार. परवा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तसलीच एक फिरत फिरत आली. तिथे लिहिलं असतं तर आठवडाभर भांडण चाललं असतं, म्हणून इथे लिहितेय. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी जळगावकडची. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात. झाडाला झोके बांधतात, आणि ताटात पुरणपोळी, आमरस, वर तळलेली कुरडई-पापड. ही कुरडई नसेल तर आखाजी झालीच नाही असं मानणारी माणसं आहेत आमच्यात. त्यामुळे मला वाळवणाचं कौतुक नाही असं कुणी समजू नये. उलट मला ते इतकं आत-बाहेर माहीत आहे, म्हणूनच फोटोखालचं 'गेले ते दिवस' वाचून हसू येतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कुरडईला गहू तीन दिवस भिजत घालायचे. रोज पाणी बदलायचं, नाहीतर असा वास सुटतो की शेजारी विचारायला येतात. मग ते वाटायचे, फडक्यातून पिळून चोथा वेगळा करायचा आणि खाली उरलेलं पांढरं दूध रात्रभर तसंच ठेवून द्यायचं. सकाळपर्यंत चीक तळाशी बसतो, वरची निवळ हलक्या हाताने ओतून टाकायची. ही सकाळ म्हणजे पहाटे चारची. कारण ऊन वर यायच्या आत कुरडया घालून व्हायला हव्यात. मग मोठ्या पातेल्यात आधण, त्यात मीठ आणि हिंग. एकीने चीक ओतायचा आणि दुसरीने हाटत राहायचं, हात एक क्षण थांबला तर गाठी झाल्या. चीक काचेसारखा पारदर्शक दिसेपर्यंत खांदे भरून येतात. त्यानंतर तो गरम असतानाच सोऱ्यात भरून दाबायचा, कारण गार झाला की सोऱ्या फिरत नाही. तळहाताला फोड येणं हे त्यात धरलेलंच असायचं. शिवाय बिबडे वेगळे, पापड वेगळे, बटाट्याचा कीस वेगळा, शेवया वेगळ्या. आणि हे सगळं चव्वेचाळीस अंशाच्या गावात.

आता यातली खरी गोष्ट. हे काम एकट्या बाईचं कधी नव्हतंच. आमच्या गल्लीत पाळ्या लागायच्या. आज पाटलांकडे, उद्या आमच्याकडे, परवा समोरच्या काकूंकडे. जिच्याकडे काम तिने चीक शिजवायचा, बाकीच्या आपापले सोरे घेऊन हजर. धाब्यावर जुन्या साड्या अंथरलेल्या असायच्या. आम्हा पोरांना कामं नेमून दिलेली. कावळे हाकलायचे, साडीची टोकं दगडाने दाबायची, संध्याकाळी कुरडया उलट्या करायच्या. मजुरी म्हणजे वाटीभर गरम चीक, त्यात तेल नाहीतर दूध-साखर. पापडांच्या दिवशी तेलात बुडवलेल्या लाट्या. मोजून मिळायच्या, आणि आम्ही त्या मोजणीच्या बाहेरच्या पळवायचो. सगळ्यांना माहीत असायचं, कुणी बोलायचं नाही.

म्हणजे आज बाईला जमत नाही असं म्हणणाऱ्याने एक बघावं. बाई तीच आहे, गल्ली गेली. आठ बायकांचे सोळा हात होते तिथे आता दोन उरलेत, आणि तेही साडेनऊला पंचिंग मशीनवर टेकवायचे असतात. गल्लीतल्या त्या बायकांमध्ये नोकरी करणाऱ्या किती होत्या? माझ्या आठवणीत तरी एकच, शाळेतल्या बाई. त्यांच्या कुरडया बाकीच्या करून द्यायच्या आणि त्या सगळ्यांच्या मुलांचे अभ्यास घ्यायच्या. व्यवहार चोख.

दुसरी गोष्ट अशी की तेव्हा वाळवण ही गरज होती. पावसाळ्यात चार महिने भाजीची मारामार. रस्ते चिखलाचे, फ्रिज कुणाकडेच नाही. जून लागायच्या आत पत्र्याचे डबे भरून ठेवले की आषाढ-श्रावणात घर चालायचं. आमच्याकडे कुरडईची भाजीही त्यातूनच आलेली. कुरडया पाण्यात भिजवायच्या, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतायच्या, झाली भाजी. खाल्ली नसेल तर जरूर खा, पावसात भाकरीबरोबर दुसरं काही सुचत नाही. आज नाशिकच्या बाजारात बाराही महिने भाजी असते. मग कुरडई घरी करायची ती हौसेखातर. आणि हौस सक्तीने करून घेता येत नाही, एवढं साधं आहे ते. गरज होती तेव्हा बाईने केलं तर तो तिचा धर्म, आणि गरज संपली तरी तिनेच करायचं, कारण आता ती 'संस्कृती'? वा!

सरकारची एक पाहणी असते, लोक दिवसभराचा वेळ कशात घालवतात याची. २०१९ मध्ये झाली, पुन्हा २०२४ मध्ये झाली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका २०१९ मध्ये दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या, २०२४ मध्ये २८९. बरं वाटलं, दहा मिनिटं तरी सुटली. मग पुरुषांचा आकडा बघितला. ९७ वरून ८८! म्हणजे आमची दहा कमी झाली तर यांनीही नऊ कमी करून घेतली. बरं, ही सरासरी जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांची. असे शंभरात २७. बाकीचे ७३ बहुधा पोस्टी लिहीत असावेत.

नवऱ्याला हे वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "मी सत्तावीसमध्ये आहे ना?" आहे बाबा. भांडी रात्रीची तोच घासतो आणि माझ्यापेक्षा स्वच्छ घासतो. फक्त ओटा पुसायचा राहतो, तो का राहतो हे मला लग्नापासून कळलेलं नाही.

तर आमच्या घरात आता असं ठरलंय. ज्या कामाला घरातले सगळे हात लावतील तेच घरी करायचं. जे फक्त माझ्या पाठीवर पडणार ते विकत आणायचं, आणि ताटात वाढताना 'विकतचं आहे हं' असं ओशाळून म्हणायचं नाही. या नियमात कुरडई बसली नाही. पापडही नाही, कारण उडदाचं पीठ कुटून मऊ करायला जो दम लागतो तो आमच्यात कुणाकडेच नाही. साबुदाणा-बटाट्याच्या चकल्या बसल्या. साबुदाणा रात्री लेक भिजवते. बटाटे उकडून सोलायचे ते धाकट्याकडे. तो अर्धे सोलतो, अर्धे मीठ लावून खातो, म्हणून किलोभर जास्तच उकडायचे. साबुदाणा शिजवणं माझ्याकडे, सोऱ्या नवऱ्याकडे. चकल्या गोल येत नाहीत. कुणाची शेपटी लांब, कुणाचा मध्यभाग गायब. सासूबाई खुर्चीवर बसून हुकूम सोडतात आणि मिरची वाटलेली कमी पडलीय हे चाखून सांगतात, त्यांचं ते काम आणि ते दुसऱ्या कुणाला जमत नाही. दोन तासांत सगळं आटोपतं. वर्षभर पुरत नाही, गोकुळाष्टमीपर्यंत डबा रिकामा. मग उपासाला शेंगदाणे खायचे. काही बिघडत नाही.

आणि कुरडई-पापड विकत आणते ते आमच्याच भागातल्या एका बचत गटाकडून. तिथल्या बायका फेब्रुवारीपासून लागलेल्या असतात. हे विकतचं म्हणून कमअस्सल असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी, लिज्जत पापड १९५९ साली गिरगावात सात बायकांनी एका इमारतीच्या गच्चीवर सुरू केलं. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने घेतलेले. घरात बसून लाटलेल्या पापडाला मजुरी मिळते ही गोष्ट त्यांनी सिद्ध करून दाखवली. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या नव्वदीच्या घरात होत्या. आईने लाटला तर माया आणि परक्या बाईने लाटला तर 'विकतचा', हे मला पटत नाही. दोघींच्या हाताला सारखाच चटका बसतो. फरक इतकाच की एकीला पैसे मिळतात. तर कृपया तिच्याशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नका. मॉलमधल्या पाकिटाला कुणी विचारतं का, 'काही कमी करा ना' म्हणून?

मध्यंतरी आमच्या सोसायटीत गच्चीवरून रामायण झालं तेही सांगायला हवं. सोलर पॅनल बसल्यापासून गच्चीला कुलूप. एकांचं म्हणणं, वाळवणामुळे पक्षी येतात आणि पॅनल घाण करतात. पक्षी काय आमच्या चकल्यांच्या आधी नव्हते? शेवटी जिन्याच्या टाकीकडची रिकामी बाजू मोकळी करून मिळाली, फक्त एप्रिल-मे, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, किल्ली सेक्रेटरींकडून सही करून घ्यायची. सही करून चकल्या वाळवणारी आमची पहिली पिढी असावी.

पण या भानगडीतून एक चांगलं झालं. किल्ली एकच, म्हणून सगळ्यांनी एकाच दिवशी वर जायचं ठरलं. बी विंगमधल्या तमिळ मावशींनी भाताचे वडाम घातले. समोरच्या कोकणातल्या ताईंनी आंब्याच्या साटांची ताटं आणली, ज्यांवर माशांपेक्षा मुलांचाच हल्ला जास्त होता. चार घरचे बाप्ये सोरे फिरवत होते आणि कुणाची चकली गोल यावर त्यांच्यात पैजा. मी नुसती कठड्याला टेकून उभी होते. इतक्या वर्षांत वाळवणाच्या दिवशी मी रिकाम्या हातांनी उभी आहे, हे माझ्या आईला खरं वाटलं नसतं.

त्या दिवशी रात्री सासूबाईंना विचारलं, "आई, तुम्हाला आवडायचं का हो हे सगळं?" मला वाटलं, त्या आता भरभरून बोलतील. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "कसलं आवडतंय गं! कंबर मोडायची. पण तेवढ्यासाठी तरी घराबाहेर बसायला मिळायचं. चार जणींत बोलायला मिळायचं. एरवी कोण बसू देतंय?" मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि कुणाची सासू कशी आहे ते तिथंच कळायचं." हे म्हणताना माझ्याकडे बघत होत्या की नव्हत्या, सांगता येणार नाही.

मी ते 'गेले ते दिवस' त्यांच्या डोळ्यांनी बघते तेव्हा वेगळंच दिसतं. फोटोत कुरडया दिसतात. बायका एकमेकींना काय सांगत होत्या ते दिसत नाही. कुणाचा गर्भ राहत नव्हता, कुणाचा नवरा पीत होता, कुणाला शिवणकामाचं मशीन घ्यायचं होतं आणि घरून नकार होता. हे सगळं त्या सोऱ्याच्या आवाजात बोलून व्हायचं. त्यांच्यासाठी खरी चैन ती होती. माझ्या लेकीला ती चैन मिळवायला तीन दिवस गहू भिजत घालावे लागू नयेत, मैत्रिणींबरोबर गंगापूर धरणावर गाडीने जाऊन मक्याचं कणीस खात तिने हव्या तेवढ्या गप्पा माराव्यात. आणि तिला कधी कुरडई करावीशी वाटलीच तर शिकवायला मी आहे. मला सगळं येतं.

आता आईपणाबद्दलचं एक सांगून टाकते, म्हणजे ज्यांना रागवायचंय त्यांनी एकदाच रागवावं. घरातली मला सर्वांत प्रिय गोष्ट कोणती असं कुणी विचारलं तर अपेक्षित उत्तर असतं: सगळे एकत्र जेवायला बसतात तो क्षण. आवडतो ना, नाही कशाला म्हणू. गरम वरण-भात, वर तूप, धाकट्याची बडबड, लेकीचं मध्येच आठवून 'आई, उद्या चार्ट पेपर लागणार आहे' म्हणणं, तेही रात्री पावणेदहाला. पण त्याच्या बरोबरीने मला आवडतं ते रिकामं घर. कधी सुट्टी घेतलेली असते, मुलं शाळेत, हा कामावर, सासूबाई देवळात. दार लावायचं, चहा एकाच कपाचा टाकायचा. कुणाला 'तुला हवाय का' असं विचारायचं नाही. पेपर पहिल्या पानापासून वाचायचा, तोही कुणी आधी न उघडलेला. पंख्याखाली आडवं व्हायचं आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या नाहीत. हे बोलले की लोक विचारतात, "घरी सगळं ठीक आहे ना?" ठीक आहे हो. ठीक आहे म्हणूनच आवडतं.

असो. येत्या रविवारी आमच्या गच्चीची पाळी आहे. वळिवाने घोटाळा केला नाही तर सकाळी सहाला सुरुवात. ए विंगवाल्यांनी आपापले सोरे आणावेत, गेल्या वेळी आमचा एकच तीन घरांत फिरला आणि त्याची जाळी अजून सापडलेली नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी गुपचूप वॉचमनकाकांकडे ठेवून द्या, मी काही विचारणार नाही. आणि ज्या भाऊसाहेबांनी ग्रुपवर ती पोस्ट टाकली, त्यांना खास आमंत्रण. बटाटे सोलायला माणूस कमी पडतोय.