माझेच अंक, ४० रुपये किलो

गेल्या रविवारी मी रद्दीच्या दुकानातून माझेच दिवाळी अंक ४० रुपये किलोनं विकत आणले. घरात अजून खरा भाव सांगितलेला नाही.

झालं असं, की १ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत ब्राँझ जिंकलं आणि आमच्या कन्येनं त्याच रात्री जेवताना नेमबाज व्हायचं जाहीर केलं. मग क्लास, मग एअर रायफल, मग 'घरीही सराव हवा.' स्वयंपाकघराच्या खिडकीपासून बेडरूमच्या भिंतीपर्यंत टेप लावली. १० मीटरला दीड मीटर कमी पडलं. बिल्डरनं इथेही मारलंच होतं.

भिंत वाचवायला मी प्लायचा तुकडा उभा केला. पहिला छर्रा त्यावर आपटून आला तसा परत फिरला आणि थेट देवघरातल्या घंटेवर. टण्ण! आतून आई म्हणाली, "आत्ता कोण पूजेला बसलंय?"

क्लासच्या सरांनी फोनवर माझी शाळा घेतली. टणक वस्तू छर्रा परत फेकते. खोक्यात कागद गच्च दाबून बसवा, मागे लोखंडी पत्रा तिरका लावा म्हणजे चुकून पार गेलेला छर्रा खाली पडेल, डोळ्यांना चष्मा, दाराला कडी. "जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या उत्तम," असंही म्हणाले. डिरेक्टरी! घरात लँडलाइन नाही. होते ते दिवाळी अंक, तर तेही बायकोनं पंधरा दिवसांपूर्वी १२ रुपये किलोनं घालवलेले.

म्हणून दुकानात गेलो.

"काय आणलंय?"

"आणलं नाही. न्यायचंय."

त्यानं हातातला गठ्ठा खाली ठेवला. "काय न्यायचंय?"

"रद्दी."

"कुणाची?"

"कुणाचीही. १० किलो. जाड कागदाची."

"भेळेची गाडी टाकताय?"

"नाही हो. बंदुकीसाठी."

बाटल्या विकायला आलेल्या बाई दोन पावलं मागे सरकल्या. मी घाईघाईनं छर्रे, खोकं, मुलगी, ऑलिंपिक असं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा एकदम जाणकाराचा झाला.

"गोळी अडवायची ना? मग कविता नेऊ नका, पातळ असतात. ऐतिहासिक कादंबरी न्या. नाहीतर दिवाळी अंक. निम्म्या जाहिराती, गुळगुळीत कागद, एकदम मजबूत." त्यानं सुतळीनं बांधलेला गठ्ठा ओढला. वरच्याच अंकावर माझ्या अक्षरात माझं नाव.

"अहो, हे माझे आहेत!"

"होते."

"१२ रुपयांनी घेतलेत तुम्ही!"

"घेताना रद्दी होती साहेब. आता मटेरियल आहे."

वजन केलं. देताना जे पावणेनऊ किलो भरले होते, ते घेताना सव्वादहा भरले. पंधरा दिवसांत साहित्याचं वजन वाढल्याचं माझ्या पाहण्यातलं हे एकमेव उदाहरण. वर म्हणाला, "छर्रे शिशाचे असतात ना? टाकू नका, आणून द्या. शिशाला भाव आहे." शिवाय पोरीला हात धुवायला लावा, शिसं वाईट, हेही तोच म्हणाला. सल्ला बरोबर होता, त्यामुळे जास्तच राग आला.

मेडल आलं की चौकाचौकांत फ्लेक्स लागतात, कोपऱ्यात अकरा भावी नगरसेवकांचे फोटो. खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक, म्हणून भाषणं ठोकतात. आणि हडपसरच्या पोरीनं नेमबाजीची रेंज गाठायची म्हणजे आख्खं पुणं ओलांडून बालेवाडी. त्या फ्लेक्सचे पैसे कुणी इकडे एखादी शेड बांधायला देईल? असो. फ्लेक्सनं छर्राही अडत नाही.

खोकं झालं. फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यातल्यापेक्षा जास्त अंक त्यात आहेत. पण एक गोष्ट सर बोलले नव्हते. नेम वाईट असेल तर छर्रे सगळीकडे विखुरतात, खोकं महिनोन् महिने टिकतं. नेम सुधारला की सगळे एकाच भोकात. कन्येचा सुधारतोय. सोमवारी छर्रा संपादकीयापर्यंत गेला, बुधवारी एक कथा ओलांडली (मी वाचायची ठेवली होती, आता शेवट नाही), काल वार्षिक राशिभविष्यात शिरला आणि वृश्चिकेवर थांबला. माझीच रास.

सकाळी फोन वाजला. नंबर त्यानं कुठून मिळवला, देव जाणे.

"साहेब, एक शब्दकोश आलाय. चार बोटं जाड. ठेवू का बाजूला? भाव मात्र वेगळा पडेल."

ठेव म्हणालो.