आकाशवाणी कोण ऐकतंय म्हणून विचारणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस कोल्हापुरातल्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तालमीच्या ग्रुपवर, कॉलनीच्या ग्रुपवर, शाळेतल्या जुन्या दोस्तांच्या ग्रुपवर, सगळीकडं तोच. त्यात थोडक्यात असं म्हटलंय की आकाशवाणी आता कोणी ऐकत नाही, प्रत्येकाच्या हातात मोबाईल आलाय, गाण्यांना प्रायव्हेट एफएम आहेत, आकाशवाणीच्या बातम्या म्हणजे सरकारचा भोंगा, त्याच्यावर आपल्या टॅक्सचा पैसा जातोय, अमेरिका आणि नॉर्वेनं हे कधीच बंद केलं, तेव्हा आपणही केंद्रं बंद करावीत आणि जागा विकून टाकाव्यात. खाली अंगठ्यांची रांग. मला हा मेसेज फार लागला, कारण यातलं एकेक वाक्य ऐकायला पटतं आणि जरा खोलात गेलं की टिकत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"कोणी ऐकत नाही." कोणी म्हणजे कोण? मेसेज लिहिणाऱ्याच्या ओळखीतले लोक ऐकत नसतील, ते मान्य. पण हंगामात एखाद्या गुऱ्हाळावर जाऊन बघा. काहिलीत रस उकळतोय, गुळव्या मळी काढतोय, खाली चुलवाणात जळण सारणारा घामानं निथळतोय, सगळ्यांचे हात चिकट, तिथं मोबाईल काढून स्क्रीनवर बोट फिरवायला कोणाला जमतंय? कोपऱ्यात खुंटीला रेडिओ लटकवलेला असतो, एकदा सुरू केला की दिवसभर कोणी हात लावत नाही. हुपरीत घराघरात चांदीचं काम चालतं, पैंजणाची कडी जुळवताना डोळे आणि हात दोन्ही अडकलेले, कान तेवढे मोकळे. शिलाई मशीनवाले, चप्पल लाईनमधले कारागीर, रात्रीचे वॉचमन, ज्यांना दिसत नाही असे लोक, घरात एकटी असणारी म्हातारी माणसं. ही मंडळी ग्रुपवर मेसेज टाकत नाहीत म्हणून ती नाहीतच असं धरून चालायचं का?

आणि दुसरं, २०२३ च्या जूनमध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून द्यायच्या असा निर्णय झाला होता. सकाळी सात पाचच्या पुण्याच्या बातम्या म्हणजे आपल्याकडच्या कित्येक घरांचं घड्याळ. केवढा गदारोळ झाला बघा, श्रोते बोलले, पेपरांनी लावून धरलं, पुढारीही बोलले, आणि केंद्रीय मंत्र्यांना त्या निर्णयाला स्थगिती द्यावी लागली. कोणी ऐकतच नसतं तर एवढी ओरड कोणी केली असती?

ऐकणारे कमी झालेत हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण त्याचं एक कारण कोणी सांगत नाही. पूर्वी साध्या फोनमध्येसुद्धा एफएम असायचा, इयरफोनची वायर खोचली की तीच अँटेना, नेट लागत नाही, पैसे लागत नाहीत. मग कंपन्यांनी एकेका मॉडेलमधून एफएम काढून टाकला किंवा बंद ठेवला, इयरफोनचं भोकसुद्धा गेलं. शेवटी एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारला मोबाईल कंपन्यांना लेखी सूचना द्यावी लागली की फोनमध्ये एफएम असू द्या आणि चालू ठेवा. लोकांच्या हातातनं रेडिओ काढून घ्यायचा आणि मग म्हणायचं लोक ऐकत नाहीत, हे बरोबर नाही.

"मोबाईल आहे की, पूर आला तरी व्हॉट्सॲपवर कळतं." हा मुद्दा दुसऱ्या कुठल्या गावात कोणी मांडला असता तर एकवेळ समजून घेतलं असतं, पण कोल्हापुरात? पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा पातळी, ४३ फुटाला धोका पातळी, हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि दोनच वर्षांत २०२१ ला परत तेवढंच, किंबहुना थोडं जास्तच. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवे पाण्याखाली, शिरोळ तालुक्यातल्या गावांना वेढा, चिखली आणि आंबेवाडी तर विचारूच नका. लाईट गेली. मोबाईल टॉवर बॅटरीवर काही तास चालतो, मग डिझेलचा जनरेटर लागतो, आणि डिझेलची गाडी पोचणार कशी, रस्ताच पाण्यात आहे. आपला फोनही चार्ज करायला जागा नाही, दिवसभरात तो मरतोच. त्याच वेळी सगळं गाव एकमेकांना फोन लावत असतं, त्यामुळं जे टॉवर चालू आहेत तेही तुंबतात.

रेडिओचं काम वेगळ्या पद्धतीनं चालतं. एका ट्रान्समीटरवरनं एकानं ऐकलं काय आणि लाखानं ऐकलं काय, त्याच्यावर काडीचाही जादा भार पडत नाही. ट्रान्समीटर उंचावर आणि त्याचा जनरेटर नीट ठेवला की एवढी एक जागा सांभाळली तरी सगळा जिल्हा जोडलेला राहतो. आणि ऐकणाऱ्याकडं काय पाहिजे, तर पेन्सिल सेलवर चालणारा छोटा ट्रान्झिस्टर, एकदा सेल घातले की रोज थोडा थोडा ऐकला तर कितीतरी दिवस पुरतात.

त्यात अफवांचं वेगळंच. राधानगरीचे सातही दरवाजे स्वयंचलित, धरण भरलं की आपोआप उघडतात, आणि मग दरवर्षी कुठलातरी जुना व्हिडिओ नव्या तारखेनं फिरायला लागतो, लोक रात्रीचं सामान बांधायला घेतात. अशा वेळी एक ओळखीचा आवाज पाहिजे जो दर तासाला सांगेल की आत्ता पाणी किती फुटावर आहे, कुठले बंधारे पाण्याखाली गेलेत, कुठला रस्ता चालू आहे, जनावरं घेऊन कुठं जायचं. कोणी म्हणेल आता सरकारचे अलर्ट येतात फोनवर. येतात, २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले होते ती त्याचीच चाचणी. चांगली सोय आहे, असावीच. पण त्या दोन ओळींत धोका आहे एवढं कळतं, पुढं काय करायचं ते विचारायला आणि सांगायला कोणीतरी माणूस लागतो, आणि फोन बंद पडला असेल तर त्या दोन ओळीही नाहीत.

"गाण्यांना प्रायव्हेट एफएम आहेत." आहेत आणि छान आहेत, मीही ऐकतो, त्यांच्याशी काही भांडण नाही. पण ती चॅनेलं लिलावात लायसन घेऊन चालतात, जाहिरातीवर जगतात, त्यामुळं जिथं दुकानं आणि गिऱ्हाईक तिथंच जाणार. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं आणखी २३४ शहरांसाठी लिलावाला मंजुरी दिली, तीही शहरंच. चंदगड, आजरा, गगनबावडा या तालुक्यांसाठी बोली लावून कोण येणार? बातम्यांचं तर आणखी स्पष्ट आहे, प्रायव्हेट एफएमना स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही, जानेवारी २०१९ पासून त्यांना बातम्या लावता येतात त्या आकाशवाणीच्याच, आणि त्याही जशाच्या तशा. म्हणजे आकाशवाणी बंद केली तर रेडिओवर बातमीच राहत नाही. म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे तसली कम्युनिटी रेडिओ केंद्रं, म्हणजे स्थानिक संस्थांनी आपल्या भागापुरती चालवलेली, फार चांगलं काम करतात, पण त्यांना साधारण १०० वॅटच्या आत राहावं लागतं, दहा-पंधरा किलोमीटरच्या पुढं आवाज जात नाही.

"बातम्या म्हणजे सरकारचा भोंगा." हा एक मुद्दा असा आहे की त्यात दम आहे, आणि म्हणूनच त्याचं उत्तर बंद करणं हे नाही. ९ फेब्रुवारी १९९५ ला सुप्रीम कोर्टानं क्रिकेट मॅचच्या प्रक्षेपणावरनं झालेल्या केसमध्ये निकाल दिला की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारचीही नाही आणि कुठल्या कंपनीचीही नाही. त्या बेंचवर आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा १९९० चाच, पण तो प्रत्यक्ष लागू व्हायला १९९७ उजाडलं. कागदावर ही संस्था स्वायत्त आहे, पण पैसा आणि नेमणुका दिल्लीतनं होतात, त्यामुळं बातमीत कोणाचं कौतुक जास्त होतं ते आपण ऐकतोच, सरकार कुठल्याही पक्षाचं असो. मग आपण मागणी काय करायची? जे आपल्या मालकीचं आहे ते नीट चालवा, कायद्यात लिहिलेली स्वायत्तता खरोखर द्या, ही. वाडा आपला आहे आणि भाडेकरू त्रास देतोय म्हणून कोणी वाडा पाडत नाही.

पैशाचं थोडक्यात सांगतो. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रानं आकाशवाणी आणि दूरदर्शन दोन्हीच्या यंत्रणेसाठी मिळून २,५३९.६१ कोटी मंजूर केले, २०२५-२६ पर्यंतसाठी. देशाची लोकसंख्या १४० कोटी धरली तर तीन-चार वर्षांत मिळून माणशी साधारण १८ रुपये पडतात. पगाराचा खर्च वेगळा आहे आणि तो मोठा आहे, ते लपवण्यात अर्थ नाही.  २०२३ च्या या योजनेत सरकारनं स्वतःच सांगितलं होतं की आकाशवाणीचा एफएम देशाच्या ५९ टक्के भागात आणि ६८ टक्के लोकांपर्यंत पोचतो आणि तो ६६ आणि ८० टक्क्यांवर न्यायचाय. म्हणजे तेव्हा दर तीन माणसांमागं जवळपास एकाला आकाशवाणीचा एफएमच लागत नव्हता. एफएम सरळ रेषेत जातो, मध्ये डोंगर आला की अडतो, राधानगरी-गगनबावड्याच्या खोऱ्यांत गाडी घेऊन गेलात तर वळणावळणावर कळेल. मीडियम वेव्ह, म्हणजे जुन्या रेडिओवर लागायची ती लहर, जमिनीला धरून लांब जाते, पण तेच ट्रान्समीटर आता देशभरात एकेक करून बंद होतायत. डिजिटल केले म्हणावं तर डिजिटल रेडिओचा संच बाजारात मागून बघा, दुकानदार तोंडाकडं बघत राहतो.

"अमेरिका आणि नॉर्वेनं बंद केलं." नॉर्वेनं २०१७ मध्ये राष्ट्रीय चॅनेलांचं एफएम प्रक्षेपण थांबवलं, पण तीच चॅनेलं डिजिटल रेडिओवर नेली, स्थानिक केंद्रं एफएमवरच राहिली. रेडिओ बंद झाला नाही. अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये संसदेनं सार्वजनिक प्रसारणाचे दोन वर्षांचे सुमारे ११० कोटी डॉलर काढून घेतले हे खरं आहे, १९६७ च्या कायद्यानं उभ्या राहिलेल्या, हा निधी केंद्रांना वाटणाऱ्या संस्थेनं त्यानंतर गाशा गुंडाळायचं जाहीर केलं. पण त्याचा फटका कोणाला बसला? मोठ्या शहरातल्या केंद्रांना श्रोते वर्गणी देतात, ती तग धरतात. अलास्कासारख्या भागातली, आदिवासी वस्त्यांतली छोटी केंद्रं, ज्यांचं निम्मं बजेट त्या पैशावर चालायचं, ती अडचणीत आली. तिथं दुसरं काहीच नाही. म्हणजे तिकडचा अनुभवही हेच सांगतोय की पैसा काढला की आधी आपल्या चंदगडसारखी गावं मुकी होतात.

आता मला खरं काय वाटतं ते. आकाशवाणीला मोबाईलनं मारलेलं नाही, तिचं स्थानिकपण कमी करत नेलंय त्यानं ती अशक्त झालीय. माणसं रिटायर होतात आणि जागा भरल्या जात नाहीत, नैमित्तिक, म्हणजे लागेल तसं बोलावलेल्या उद्घोषकांवर दिवस काढायचे, आणि वेळ भरायला वरनं आलेला कार्यक्रम तसाच इथनं लावायचा. कोल्हापूरच्या १०२.७ वर कोल्हापूर जेवढं जास्त ऐकू येईल तेवढे लोक परत येतील असं माझं ठाम मत आहे. देशभर सेवा द्यायची म्हणजे दिल्लीचं एकच सगळीकडं ऐकवायचं असा त्याचा अर्थ होत नाही. राष्ट्रीय वाहिनी म्हणून जे होतं ते २०१९ ला बंद झालं, पण आपल्याकडं किती जणांच्या लक्षात आलं? पुण्याच्या बातम्यांना हात लावला तर मात्र लोक उठले.

हे आपल्याच मातीत एकदा सिद्धही झालंय. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रावरनं पाच मराठी जिल्ह्यांतल्या दीडशे गावांसाठी एक प्रयोग झाला होता. गावकरी ठरल्या वेळी एकत्र बसायचे, शेती-आरोग्याचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचे, मग आपसात चर्चा करायचे आणि प्रश्न केंद्राकडं पाठवायचे, पुढच्या कार्यक्रमात त्याची उत्तरं यायची. आज आपण ज्याला टू-वे म्हणतो ते त्या काळात पोस्टकार्डावर चालत होतं. आता तर पोस्टकार्डाचीही गरज नाही, चंदगडमधली बाई व्हॉट्सॲपवर आवाज पाठवू शकते, तो तिच्याच बोलीत जसाच्या तसा लावता येतो. आकाशवाणी २३ भाषा आणि १७९ बोलींचा हिशोब सांगते, त्यात आपली चंदगडी बोली रोज कानावर पडायला काय हरकत आहे? ॲपवरनं थेट प्रक्षेपण पुण्या-मुंबईत गेलेल्या पोरांपर्यंत पोचतंय, चांगलं आहे, पण संध्याकाळी झालेली ऊसावरची मुलाखत दुसऱ्या दिवशी शोधून ऐकता आली पाहिजे.

म्हणून तो मेसेज पुढं ढकलणाऱ्या सगळ्या दोस्तांना माझी विनंती आहे, जागा विकायची मागणी सोडा आणि आपल्या दोन्ही खासदारांना एवढं विचारायला लावा संसदेत: कोल्हापूर केंद्रात मंजूर पदं किती आणि त्यातली भरलेली किती, दिवसातले किती तास कार्यक्रम इथं तयार होतात, पश्चिमेकडच्या तालुक्यांत सिग्नल कुठंकुठं पोचत नाही, आणि पुराच्या काळात ट्रान्समीटर किती दिवस स्वतःच्या जनरेटरवर चालेल. उत्तरं आली की ग्रुपवर टाका, मग बंद करायचं की वाढवायचं त्यावर बोलू.