ट्रामच्या रुळाला माणसं चिकटत नव्हती

नांदेड-लातूरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: भारतातली पहिली विजेची ट्राम १९०७ साली मुंबईत धावली, रुळात करंट असल्यामुळे पावसाळ्यात माणसं चिकटायची, म्हणून ती बंद केली, आता जुना डबा रंगवून चौकात ठेवला की जतन झालं. तिन्ही गोष्टी चूक आहेत.

पहिली विजेची ट्राम मद्रासची, १८९५ सालची. कलकत्ता १९०२, मुंबई त्यानंतर.

रुळाचं मात्र नीट समजून घ्या. साधारण ५५० व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणारी) वीज वरच्या तारेत. छतावरच्या दांड्यातून ती कंट्रोलरला (ड्रायव्हरसमोरची वेग बदलायची पेटी), तिथून मोटारीला, मग लोखंडी चाकांतून रुळात उतरून पॉवरहाउसला परत. म्हणजे रूळ हे घरच्या वायरिंगमधलं न्यूट्रल: वीज वाहते, पण रूळ जमिनीच्याच व्होल्टेजच्या आसपास असतो, म्हणून माणूस चिकटत नाही. फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी लोखंडी पट्टी) गंजली की वीज अडते, म्हणून प्रत्येक सांध्यावर तांब्याची जोडपट्टी ठोकत. ती तुटली की परतीची वीज जमिनीत शिरते, नळाच्या पाइपातून वाट काढते, आणि जिथून बाहेर पडते तिथे पाइप खाते. रुळाचं खरं दुखणं हे! दोन्ही रुळांतून वीज दिली होती ती बर्लिनजवळ, सिमेन्सच्या १८८१ च्या गाडीला, १८० व्होल्ट. तिथे घोड्यांना झटके बसले. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला थांबली ती बसगाड्या आणि रस्त्यावरच्या गर्दीपुढे.

आता जतन. डब्याचा सांगाडा लाकडाचा, वरून पत्रा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ वर जातो, लाकूड आकसतं, सांधे उघडतात. जूनचं पाणी आत शिरून पत्र्याच्या खालच्या कडेला बसतं आणि नव्या रंगाखाली ओल कोंडते. डबा बाहेरून चकाचक, पण खिडकीखाली बोट दाबलं की लाकडाचा भुसा. बोअरच्या पाण्याने धुणं तर बंदच करा, खार सांध्यांत साचतो. आधी शेड, मग डब्याचं छत, मग सांगाडा, रंग सगळ्यात शेवटी. खरवडण्याआधी एका कोपऱ्यात एकेक थर उघडून मूळ रंग टिपून ठेवा. जुन्या रंगात शिसं असतं; मास्क लावून ओल्या पॉलिश पेपरनेच घासा. कंट्रोलरमध्ये ठिणगी अडवणाऱ्या पडद्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, तिथे ब्लोअर मारू नका. मोटार फिरवायचीच असेल तर आधी ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावा. काटा एक मेगओहमच्या खाली राहिला तर वीज देऊ नका. सुती इन्सुलेशनने ओल धरलेली असते. मंद उबेवर सुकवा आणि रोज मोजा.